अग्निवीरानं होम लोन आत्ता काढावं की चार वर्षं संपल्यावर?

माझा चुलतभाऊ अग्निवीर आहे, म्हणजे सैन्यात चार वर्षांसाठी भरती झालेला, पहिल्या बॅचचा, जानेवारी 2023 ला बेळगावला मराठा सेंटरला ट्रेनिंग सुरू झालं, म्हणजे हे त्याचं शेवटचं वर्ष. आणि नेमकं ह्याच वर्षी काकांनी कराडात 22 लाखाचा वन बीएचके बघून ठेवलाय. काकांचं म्हणणं सरळ आहे, पगार चालू आहे तोवर लोन काढून घे, एकदा बाहेर आलास की तुला दारात कोण उभं करणार नाही. पोरगा म्हणतो आधी निकाल लागू दे, चार वर्षांनी जास्तीत जास्त 25 टक्के पोरं परमनंट ठेवतात, त्यात नाव आलं नाही तर हप्ता कोण भरणार. मी दोघांच्या मधे बसून वहीत आकडे मांडले, तेच इथं टाकतोय, कारण ह्या वर्षी बऱ्याच घरात हाच वाद चालू असणार.

आधी एक गोष्ट, जी काकांनाच काय मलाही नीट माहीत नव्हती. पगार पहिल्या वर्षी 30 हजार, चौथ्या वर्षी 40 हजार, त्यातले 30 टक्के सेवा निधीत कापले जातात, म्हणजे चौथ्या वर्षी हातात 28 हजार आणि वर भत्ते असतील ते. चार वर्षांत स्वतःचे 5.02 लाख जमतात, सरकार तेवढेच घालतं, व्याज धरून बाहेर पडताना 11.71 लाखाच्या आसपास, टॅक्स नाही. पण हे बाहेर पडणाऱ्याला! जो परमनंट होतो त्याला फक्त स्वतःचा हिस्सा आणि त्यावरचं व्याज मिळतं. म्हणजे बघा, मोठी रक्कम हातात येते तेव्हा पगार गेलेला असतो, आणि पगार राहतो तेव्हा रक्कम निम्मी. घरात सगळे "सेवा निधी पण येईल आणि नोकरी पण राहील" असं धरून बोलत असतात, तसं होणार नाहीये.

आता आत्ताच लोन काढायचं झालं तर. आम्ही एका बँकेत गेलो होतो, तिथल्या साहेबांनी सॅलरी स्लिप दोनदा वाचली, "अग्निवीर" ह्या शब्दावर पेनाचं टोक ठेवलं आणि एवढंच विचारलं, "पुढच्या वर्षी काय?" काका म्हणाले, मिल्ट्रीत आहे साहेब. साहेब म्हणाले ते दिसतंय, पुढच्या वर्षी काय. सोबत पक्क्या पगाराचा को-अप्लिकंट, म्हणजे कर्जात बरोबरीनं सही करणारा, आणा म्हणाले. बायको हा प्रश्नच नाही कारण भरतीच अविवाहितांची, काकांचं शेतीचं उत्पन्न आहे पण रिटर्न कधी भरलेलं नाही, राहिला त्याचा थोरला भाऊ, तो एमआयडीसीत कामाला आहे.

समजा 16 लाख मंजूर झाले, साडेआठ टक्क्यांनी, 20 वर्षं. हप्ता 13,885. हातात 28 हजार येतात तोवर निम्मा पगार जातो, ओढून ताणून चालेल. बाहेर आल्यावर कुठं 18 हजाराची नोकरी लागली तर चार हजारात महिना काढायचा, म्हणजे नाहीच. इथं काकांचा हुकमी पत्ता म्हणजे सेवा निधी लोनमध्ये भरून टाकू. ठीक आहे, 8 लाख भरले तर साधारण 7.7 लाख राहतात आणि हप्ता 6,800 वर येतो, हे गणित खरंच बसतं आणि मला पण पटलं होतं. फ्लोटिंग रेटच्या घरकर्जावर आधी पैसे भरले म्हणून दंडही नसतो. फक्त एक करा, भरताना लेखी सांगा की हप्ता कमी करा, नाहीतर बँका बहुतेक वेळा मुदत कमी करतात आणि हप्ता तेवढाच राहतो, मग उपयोग काय. आणि पंतप्रधान आवासची जी व्याज सबसिडी आहे (शहरी 2.0, घर 35 लाखांपर्यंत, लोन 25 लाखांपर्यंत, वर्षाचं उत्पन्न 9 लाखांपर्यंत) ती जास्तीत जास्त 1.80 लाख, पाच हप्त्यांत मिळते आणि मुद्दल निम्म्याच्या वर बाकी असेल तरच. म्हणजे 16 पैकी 8 लाख भरून टाकले की सबसिडीचे पुढचे हप्ते गेले. एजंट ही सबसिडी आधीच वजा करून दाखवतो, त्याला हे विचारा. शिवाय घरच्यांच्या नावावर पक्कं घर असलं तरी ती अडते.

48 लाखांचा विमा आहे ना, असं काकू म्हणाल्या. तो नोकरीत असेपर्यंतचा आहे काकू, आणि हप्ता थकला म्हणून तो कोणी देत नाही. तीन महिने हप्ता चुकला की खातं एनपीए, म्हणजे बुडीत धरतात, मग पैसे भरा नाहीतर घर जप्त अशी 60 दिवसांची नोटीस, आणि थोरल्याचा सिबिल पण त्यात जाणार. त्याचं लग्न पुढच्या वर्षी आहे, त्याला स्वतःचं घर घ्यायचं असेल तर?

थांबायचं झालं तर काय जातं ते बघू. फ्लॅट 22 चा 23-24 होईल, गेले लाख दोन लाख. भाड्यानं राहत असते तर वर्षाचं भाडंही धरलं असतं, पण हे गावात स्वतःच्या घरात राहतात, त्यामुळे घाई फक्त काकांच्या डोक्यात आहे. नाव लागलं तर चित्रच बदलतं, लेव्हल 3 चं 21,700 बेसिक, 5,200 मिल्ट्री सर्व्हिस पे, वर डीए, पुढं 15 वर्षं नोकरी, तेव्हा तीच बँक पेनाचं टोक कुठं ठेवणार नाही. नाव नाही लागलं तर मात्र थांबण्याचा खरा तोटा दिसतो, नवीन नोकरीच्या निदान तीन ते सहा सॅलरी स्लिपा लागतात आणि धंदा टाकला तर दोन-तीन वर्षांचं रिटर्न, म्हणजे घर सहज दोन वर्षं लांबलं. आणि त्या दोन वर्षांत 11 लाख हातात. गावात कुणाकडं पैसे आलेत हे एसटी स्टँडपर्यंत कळतं हो. आधी बुलेट, मग कुणाला तरी हातउसने, मग ट्रॅक्टरचं डाउनपेमेंट. थांबणार असाल तर पैसे आल्या दिवशी एफडी करा, नाहीतर काकांचंच बरोबर ठरेल.

तिसरा रस्ता गावच्या जागेवर बांधायचा. खर्च निम्मा, पण जागेला फक्त नमुना 8 चा, म्हणजे ग्रामपंचायतीचा उतारा असेल तर बऱ्याच बँका पुढं सरकत नाहीत, त्यामुळे लोन न काढता टप्प्याटप्प्यानं जमेल तसं. आमच्याकडं ह्यावर जास्त चर्चा झाली नाही, काकांना फ्लॅटच पाहिजे.

माझं मत विचाराल तर थोरल्याच्या एकट्याच्या पगारातून पूर्ण हप्ता निघत असेल आणि तो खुशीनं तयार असेल तरच आत्ता घ्या, त्यातही लोन 10 लाखाच्या आत (हप्ता 8,700 च्या आसपास) आणि बाहेर यावं लागलं तर सेवा निधीतले तीन लाख तरी बाजूला, कारण पहिले सहा महिने पोरगा भरत्या आणि परीक्षाच देत फिरणार आहे. नाहीतर थांबा. आणि चार वर्षांचं लपवून लोन काढून देतो म्हणणारा एजंट भेटला तर तिथून उठा, फॉर्मवर सही तुमची असते.

10 लाखाच्या लोनवर 22 चा फ्लॅट म्हणजे स्टॅम्प ड्युटी धरून 13-14 लाख स्वतःचे लागतात, तेवढे आमच्याकडं नाहीत. काका दोन म्हशी विकायला निघाले होते, काकूंनी दावं सोडू दिलं नाही. बिल्डरला फोन करून सांगितलंय जानेवारीनंतर बघू, तो म्हणाला रेट वाढेल. वाढू दे.