अस्सल बोरो म्हणून विकलेलं नवं कापड

जपानी जुनं कापड घेऊन त्याचे बटवे, पिशव्या शिवून विकणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहिते आहे. मी तोक्योत राहते आणि हाच छोटा उद्योग करते. मेइजी काळातलं (१८६८-१९१२) ‘बोरो’ म्हणून एका विक्रेत्याने मला नवं कापड विकलं आणि माझे ८०,००० येन बुडाले. त्याची पद्धत इतकी सराईत होती की हे तो पहिल्यांदाच करत होता यावर माझा विश्वास बसत नाही.

बोरो म्हणजे उत्तर जपानच्या गरिबांचं ठिगळांचं कापड. आओमोरीच्या थंडीत कापूस पिकत नाही. तिथल्या शेतकऱ्यांच्या अंगावर हेम्पचं, म्हणजे भांगेच्या जातीच्या झाडाच्या धाग्याचं, जाडंभरडं कापड असायचं. सुती कापड ओसाकाकडून जहाजाने यायचं, तेही बरंचसं जुनेर आणि चिंध्या. त्या चिंध्या बायकांनी धावदोऱ्याने एकमेकींवर शिवल्या, विरलं की पुन्हा ठिगळ लावलं, आणि ते पांघरूण आजीकडून नातीकडे गेलं. आपल्या वाकळीची आठवण व्हावी असंच. ज्यांच्या घरात हे होतं त्यांना पुढे त्याची लाज वाटू लागली. अशा काळात तानाका चूझाबुरो (१९३३-२०१३) गावोगाव हिंडून हे कपडे जमवत राहिले. त्यांनी जमवलेली त्सुगारू आणि नाम्बू या उत्तरेकडच्या भागांतली ७८६ साशिको (धावदोऱ्याने शिवलेली) वस्त्रं १९८३ साली राष्ट्रीय महत्त्वाचा लोकसांस्कृतिक ठेवा म्हणून नोंदवली गेली. पुढे परदेशातले संग्राहक आणि फॅशनवाले बोरोच्या मागे लागले, भाव चढले, आणि नकली माल आला.

हा विक्रेता मला जुन्या वस्तूंच्या बाजारात भेटला. सुरुवातीला त्याने हातरुमालाएवढे तुकडे दिले. ते अस्सलच होते, आजही माझ्याकडे आहेत. कापडाबद्दल बोलायचा तेही जाणकारासारखं. मग एकदा निरोप आला: उत्तरेकडच्या एका घराचं जुनं कोठार रिकामं होतंय, अंथरुणाच्या खोळी आणि कामाचे अंगरखे मिळून मोठं गाठोडं आहे, तुकडे करून विकायचं नाही, दुसरं गिऱ्हाईक थांबलंय. सोबत फोटो. खरेदी-विक्रीच्या ॲपवरून घेऊ म्हटलं, तर म्हणाला, “कमिशन कशाला भरायचं? तेवढी किंमत तुम्हाला कमी करतो, थेट बँकेत पाठवा.”

सगळी मेख इथे होती. ॲपवर माल मिळाल्याची पोच आपण देईपर्यंत पैसे ॲपकडेच राहतात. थेट बँकेत पाठवले की ते त्याच क्षणी त्याचे होतात.

गाठोडं आलं. वरचे दोन तुकडे फोटोतले, अगदी खरे. खालचं सगळं दिसायला तसंच, विटकं, ठिगळांनी भरलेलं. पण हाताला ते वेगळं लागलं. मी एका ठिगळाचे टाके हळूच उसवले. जुन्या बोरोत ठिगळाखाली ऊन आणि हवा पोचलेली नसते, म्हणून तिथला निळीचा रंग बाहेरच्यापेक्षा गडद राहतो. शिवणीत धूळ आणि कापसाचे तंतू साचलेले असतात. सुईची जुनी भोकं दिसतात, कारण त्याच जागी कुणीतरी आधीही शिवलेलं असतं. इथे ठिगळाखालचा रंग बाहेरच्याइतकाच फिका. आत धुळीचा कण नाही, एकही जुनं भोक नाही. म्हणजे कापड आधी फिकं केलं आणि मग त्यावर ठिगळं शिवली. कोपरा ओला केला तर ब्लीचचा वास आला.

मग टेप घेतला. किमोनोचं कापड अरुंद मागावर विणतात, त्याची रुंदी ३६-३८ सेंटिमीटरच्या आसपास, जुन्या कापडाची अनेकदा त्याहून कमी. त्यामुळे खऱ्या जुन्या खोळीत अरुंद पट्टे काठाला काठ जोडलेले दिसतात. माझ्याकडच्या एका खोळीचं मूळ कापड मधे कुठेही जोड नसताना ५० सेंटिमीटरच्या वर भरलं. शेतकऱ्याच्या घरातलं मेइजी काळातलं कापड असं नसतं. शेवटी सर्वांत आतल्या थरातला दोरा काढून चिमट्यात धरून जाळला. सुती दोरा जळताना कागदासारखा वास येतो आणि राख उरते. हा वितळला आणि त्याचा टणक काळा मणी झाला. पॉलिएस्टर! वरच्या थरात असा दोरा सापडला असता तर नंतरची दुरुस्ती म्हणता आली असती. सगळ्यात आतल्या थरात तो येण्याचं दुसरं काही कारण नाही.

नवं कापड चमकतं का हे पाहायला अतिनील टॉर्च वापरतात, पण एकट्या त्याच्यावर भिस्त ठेवू नका. आजच्या धुण्याच्या पावडरीत चमक आणणारी द्रव्यं असतात, त्यामुळे नुकतंच धुतलेलं अस्सल कापडही त्या उजेडात चमकतं. निळ नैसर्गिक की रासायनिक हेही नुसत्या डोळ्यांनी ठरवायला जाऊ नका, दोन्हींतलं रंगद्रव्य एकच आहे.

मी त्याला फोटो पाठवले. उत्तर आलं, “नो क्लेम, नो रिटर्न, म्हणजे तक्रार नाही आणि माल परत नाही, असं आधीच सांगितलं होतं.” जपानमध्ये हे वाक्य सर्रास लिहितात आणि लोक गप्प बसतात. खरं तर विक्रेत्याने दोष माहीत असून लपवला असेल, तर तिथल्या नागरी कायद्यानुसार त्याला या अटीमागे लपता येत नाही. पण त्याला ते माहीत होतं हे सिद्ध आपल्यालाच करावं लागतं. ग्राहकांसाठीच्या १८८ क्रमांकावर फोन केला. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि अडचण सांगितली: विकण्यासाठी माल घेतला असेल तर कायद्याच्या नजरेत तुम्ही ग्राहक नसून व्यावसायिक ठरता, आणि ग्राहकांची बरीचशी संरक्षणं तुम्हाला लागू होत नाहीत. घरच्या टेबलावर चार पिशव्या शिवणारी बाई आणि मोठी कंपनी एकाच रांगेत! मला हे अन्यायाचं वाटतं, पण नियम असाच आहे आणि माल घेण्याआधीच तो माहीत हवा. पोलिसांच्या सल्ल्यासाठी #९११० आहे, तिथेही नोंद केली. तोवर त्या माणसाने फोन उचलणं बंद केलं होतं.

पैशांपेक्षा मला दुसऱ्याच गोष्टीचा संताप येतो. कुणीतरी बसून नव्या कापडावर गरिबी रंगवली. ज्या बायकांनी थंडीत लेकरांना ऊब मिळावी म्हणून चिंधीला चिंधी जोडली, त्यांच्या कष्टांची ही नक्कल आहे. माझ्याकडून कुणी बटवा घेतं ते त्या बायकांच्या हातचं काहीतरी जवळ असावं म्हणून. त्या गाठोड्यातल्या नकली कापडाला मी कात्री लावलेली नाही, लावणारही नाही. ज्यांनी बोरोची पिशवी आगाऊ मागवली होती त्यांना सगळं कळवलं. एकीने पैसे परत घेतले, बाकीच्यांनी त्याऐवजी कुरुमे कासुरीची (आधी सूत रंगवून मग विणलेल्या नक्षीदार सुती कापडाची) पिशवी चालेल म्हणून सांगितलं.

जपानमध्ये जुन्या वस्तूंचा धंदा करायला त्या प्रांताच्या सार्वजनिक सुरक्षा आयोगाचा परवाना लागतो. त्याचा १२ आकडी क्रमांक असतो आणि स्वतःच्या साइटवरून विकणाऱ्याला तो तिथे द्यावा लागतो. आता मोठी खरेदी करायच्या आधी मी तो क्रमांक मागते, मागच्या बाजूचे आणि ठिगळ उचलून काढलेले फोटो मागते, रुंदी मोजून मागते. खरा व्यापारी रागावत नाही, उलट दोन फोटो जास्तच पाठवतो. या माणसाकडे मी परवाना मागितला तेव्हा त्याने “नंतर पाठवतो” म्हटलं आणि विषय कोठाराकडे वळवला. उत्तरेकडचं कोठार, थांबलेलं गिऱ्हाईक आणि थेट बँकेत पैसे, अशी गोष्ट तुमच्याही कानावर आली तर खाली जरूर लिहा. तक्रारी एकत्र केल्या तर पोलिसांपुढे निदान फसवण्याचा हेतू तरी दाखवता येईल.