उजनी की हिप्परगा? गळ कुठे टाकावा

गळ घेऊन निघायचं तर सोलापूरकरांपुढे दोन पाणी आहेत. उजनी म्हणजे भीमेवरचं ११७ टीएमसीचं धरण. कटला, रोहू मोठे मिळतात, चिलापी तर भरपूर. पण वाट लांबची, आणि वारा सुटला की दोरी ठरत नाही.

हिप्परग्याचा तलाव शहराजवळच. तिथली मरळ मला जास्त प्रिय! ती श्वास घ्यायला वर येते. शेवाळाच्या कडेला बुडबुडा फुटला, की गांडूळ लावलेला गळ तिथेच हळूच सोडायचा. दोरीला बांधलेला थर्माकोलचा तुकडा आधी थरथरतो, मग सर्रकन बुडतो. तेव्हा घाई नको.

नवशिक्याने हिप्परगाच धरावा. पावसाळ्यात मात्र दोन्हीकडे अंड्यांनी भरलेली मादी सोडून द्या.