रोज एक फोटो : एकाच धुऱ्यावरून की रोज नवा विषय?

रोज एक फोटो काढायचं ठरवलं की दोन वाटा दिसतात. एक म्हणजे धुऱ्यावरच्या, म्हणजे वावराच्या बांधावरच्या, एकाच जागेवरून रोज तीच चौकट. दुसरी म्हणजे रोज नवा विषय : आज कोठ्यातली ढोरं, उद्या पानठेला, परवा आठवडी बाजार. ज्याचं वावरात रोज जाणं होतं, त्याला पहिली वाट जास्त दिवस टिकते. दुसरीत कामाचे दिवस आले की विषय सुचत नाही, मग रात्री अकराला जेवणाच्या ताटाचा फोटो काढून दिवस भरला जातो. असे चार दिवस लागोपाठ आले की मन उठतं.

एकाच चौकटीची सगळी मेहनत सुरुवातीलाच असते. धुऱ्यावर बाभळीचा जाड खुंटा दीड फूट खोल गाडावा, वाळवी लागू नये म्हणून गाडायच्या भागाला जळकं ऑइल लावावं. वरचं टोक छातीच्या उंचीवर सपाट कापून मोबाइल टेकायला दोन खिळे ठोकावेत. समोर तुरीचं तास, म्हणजे ओळ, येणार नाही हे पेरणीआधीच पाहावं. कपाशी फार तर छातीला लागते, तूर डोक्यावर जाते आणि नोव्हेंबरात फोटोत तुरीशिवाय काही उरत नाही.

सकाळी काढणार असाल तर पश्चिमेकडे तोंड ठेवा, संध्याकाळी काढणार असाल तर पूर्वेकडे, म्हणजे ऊन पाठीशी राहतं. घड्याळाची वेळ मात्र पक्की धरू नका. नागपूर-वर्ध्याकडे जूनमध्ये सूर्य साडेपाचच्या सुमारास उगवतो, जानेवारीत पावणेसातनंतर. सकाळी साडेसहाची वेळ धरली तर थंडीतले फोटो काळोखे येतात. ‘सूर्योदयानंतर एक तास’ हा हिशोब बरा. दुपार टाळा, मेअखेरीस सूर्य ऐन डोक्यावर येतो, सावलीच पडत नाही आणि फोटो सपाट दिसतो.

मोबाइलमध्ये ग्रिड चालू ठेवा, झूम कायम १ पट ठेवा आणि पहिल्या दिवशीचा फोटो समोर धरून कडेचं झाड त्याच रेघेवर आणा. ढग-उन्हाने रंग रोज बदलतो, म्हणून व्हाइट बॅलन्स (फोटोतल्या रंगाची छटा ठरवणारी सेटिंग) ‘ऑटो’वर न ठेवता उन्हाच्या खुणेवर ठेवा.

नव्या विषयाच्या वाटेला खुंटा लागत नाही, यादी लागते. आठवड्याचे सात वार सात विषयांना वाटून टाका : सोमवारी हात, मंगळवारी अवजारं, बाजाराच्या दिवशी बाजार. वेचणीच्या बायांचा फोटो काढण्याआधी विचारा आणि नंतर दाखवाही. रोज कॉलेजला किंवा नोकरीला एसटीने जाणाऱ्याला हीच वाट सोयीची, कारण वावर त्याच्या हाती फक्त रविवारी लागतं.

मोबाइल की कॅमेरा, यावर फार डोकं घालू नका. जो खिशात असतो तो घ्या. मोबाइलचा फोटो साधारण ४ एमबी धरला तरी वर्षाचे ३६५ मिळून दीड जीबीच होतात. कॅमेऱ्याची रॉ फाइल (सेन्सरने टिपलेली मूळ, कच्ची फाइल) २५ एमबीच्या आसपास, म्हणजे वर्षाला ९ जीबी. कॅमेरा वापरायचाच तर मळणीयंत्राजवळ लेन्स बदलू नका, भुसा थेट सेन्सरवर बसतो. झडीच्या दिवसांत तो सिलिका जेलसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, नाहीतर लेन्सला बुरशी लागते. मोबाइलचं दुखणं उन्हाचं : बरेच फोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात, आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ गाठतो. मोटरसायकलच्या हँडलला लावलेल्या होल्डरमध्ये तर तो ठेवूच नका. उन्हासोबत इंजिनाचे हादरेही बसतात आणि काही फोनचा फोकस त्यानेच बिघडतो.

दिवस चुकला तर? एकाच चौकटीत दुसऱ्या दिवशी दोन फोटो काढून भरपाई करू नका, तारीख रिकामी सोडा. १८० फोटो सेकंदाला १० या वेगाने जोडले तर १८ सेकंदांची चित्रफीत होते, त्यात एक दिवस गेलेला कळत नाही. आठवडा गेला तर कळतो, पऱ्हाटी (कपाशी) एकदम वाढल्यासारखी दिसते. म्हणून लग्नसराईत किंवा गावाला जाताना खुंट्याची जागा घरातल्या दुसऱ्या कोणाला आधीच दाखवून ठेवा.

सुरुवात १ जानेवारीला नको. एकाच चौकटीवाल्याने मृग लागताना, ७-८ जूनला, कोऱ्या वावरापासून सुरू करावं आणि शेवटच्या वेचणीला थांबावं. संत्र्याची बाग असेल तर बहार धरण्यापासून तोडणीपर्यंत. नव्या विषयवाल्याने आधी ३० दिवसांचाच बेत करावा, पोळ्याच्या आठवडाभर आधीपासून. त्या दिवसांत गावात विषय शोधावे लागत नाहीत.