नाशिकमध्ये चर्च निवडताना: आमच्या घराचा अनुभव

नाशिकमध्ये नव्याने राहायला आलेल्या ख्रिस्ती कुटुंबाला माझं पहिलं सांगणं, नुसती गाणी ऐकून चर्च ठरवू नका. पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, आजाऱ्याच्या घरी जातात का, दानाचा हिशोब कोण बघतं आणि पाळकांना जाब विचारणारं वर कुणी आहे का, हे आधी विचारा.

आम्ही मूळचे नगरचे. मिस्टरांना अंबडच्या कंपनीत नोकरी लागली म्हणून इंदिरानगरला आलो. सासूबाईंना मराठीशिवाय उपासना झाल्यासारखी वाटत नाही आणि अकरावीतल्या मुलाला गिटारशिवाय करमत नाही. दोघांना एकाच बाकावर बसवायचं होतं, म्हणून बरंच फिरलो.

त्र्यंबक नाक्याच्या होली क्रॉस या कॅथलिक चर्चमध्ये मिस्साला, म्हणजे त्यांच्या उपासनेला गेलो. कॅथलिक चर्चची शिस्त मला मनापासून आवडते. रोजची मिस्सा, पापनिवेदन, ठरलेली वाचनं. फादर बदलले तरी उपासनेची घडी मोडत नाही. पण कॅथलिक नसलेल्यांना तिथे कम्युनियन, म्हणजे प्रभुभोजनाची भाकर, घेता येत नाही. आमचा बाप्तिस्मा, म्हणजे पाण्याने झालेला दीक्षाविधी, ते मान्य करतात, पुन्हा घ्या म्हणत नाहीत. पण सामील व्हायचं तर आधी रीतसर शिक्षण घ्यावं लागतं. सासूबाईंना या वयात प्रभुभोजनाविना राहणं जमेना. फेब्रुवारीत नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेला मात्र आम्ही जातोच, तिथे सगळ्या धर्मांची माणसं येतात.

शनिवारी शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा आणि उपासनेचा दिवस, पाळणाऱ्या मंडळीचा (चर्चच्या समुदायाला आम्ही मंडळी म्हणतो) विचार मिस्टरांच्या शिफ्टमुळे सोडला. ब्रदरन मंडळीत बायबलचा अभ्यास फार खोल असतो. दर रविवारी भाकर मोडतात, म्हणजे प्रभुभोजन घेतात, पगारी पाळक नसतो. आमच्या घराला ते जरा कडक वाटलं.

मग एक नवी फेलोशिप. दुकानांच्या वरचा हॉल, प्लास्टिकच्या खुर्च्या, पडद्यावर हिंदी गाण्यांचे शब्द, ड्रम. मुलगा पहिल्याच दिवशी रमला. माणसं प्रेमळ, यात शंका नाही. मुलाला डेंग्यू झाला तेव्हा तिथल्या एक ताई रोज पेज घेऊन यायच्या आणि पलंगाशी बसून प्रार्थना करायच्या. ते मी विसरणार नाही. पण सभासद होण्याची गोष्ट निघाली तेव्हा सांगितलं गेलं, लहानपणी डोक्यावर पाणी घातलं तो बाप्तिस्मा नव्हे, सगळ्यांनी बुडून पुन्हा घ्या. सासूबाई म्हणाल्या, "माझा बाप्तिस्मा कुणी पुसलाय का?" दशमांशाच्या, म्हणजे मिळकतीच्या दहाव्या हिश्श्याच्या दानाच्या, हिशोबाचं विचारलं तर, प्रभूच्या कामात प्रश्न कशाला, असं उत्तर आलं. ट्रस्टवर पाळक, त्यांची पत्नी आणि त्यांचा भाऊ, बाहेरचं कुणी नाही. माझ्या दृष्टीने विषय तिथेच संपला. सगळ्या नव्या मंडळ्या अशा नसतात, पण विचारायलाच हवं.

शेवटी सीएनआयची, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची, मराठी मंडळी धरली. बाप्तिस्म्याचा आमच्या घरातला वाद या चर्चने आधीच सोडवून ठेवलाय. 1970 साली नागपुरात अँग्लिकन, मेथडिस्ट, बॅप्टिस्ट अशा सहा परंपरा एकत्र आल्या तेव्हा बालकाचा बाप्तिस्मा आणि विश्वास कबूल करून घेतलेला बाप्तिस्मा, दोन्ही मान्य झाले. पाळकांच्या वर बिशप, आणि मंडळीतून निवडलेली पास्टोरेट कमिटी हिशोब बघते. नाशिकचा धर्मप्रांत, म्हणजे बिशपच्या अखत्यारीतला भाग, 1929 पासूनचा. त्याआधी एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीने इथे शरणपूर ही ख्रिस्ती वसाहत वसवली. गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथे शिकली. त्यांतला जेकब वेनराइट 1874 साली आफ्रिकेत फिरलेल्या मिशनरी-संशोधक लिव्हिंगस्टनच्या पार्थिवासोबत लंडनपर्यंत गेला. हे ऐकल्यावर मुलगा आपण होऊन शरणपूर रोडचं संत आंद्रिया चर्च बघायला आला.

माझा निर्णय मात्र एका रविवारी पक्का झाला. प्रभुभोजनाला सासूबाईंना गुडघेदुखीमुळे वेदीपर्यंत जाता येईना. पाळक भाकर आणि प्याला घेऊन खाली आले, त्यांच्या बाकाशी वाकून उभे राहिले आणि सासूबाईंचा थरथरता हात प्यालाभोवती नीट बसेपर्यंत थांबले. मागे रांग खोळंबली होती, पण त्यांनी घाई केली नाही. नंतर ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचं भजन लागलं आणि सासूबाई पुस्तक न उघडता गायल्या. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळकांचं माहेर इथलंच, जलालपूरचं, हे सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात.

जुन्या मंडळ्यांत तरुण मुलांसाठी कार्यक्रम कमी असतात, हे मला खुपतं आणि मी ते कमिटीत बोलते. मुलगा शुक्रवारी त्या फेलोशिपच्या तरुणांत गिटार वाजवायला जातो. आम्ही अडवत नाही, आमच्या पाळकांचीही ना नाही.

येताना जुन्या मंडळीचं सभासदत्वाचं पत्र आणि बाप्तिस्म्याचा दाखला घेऊन या, पत्राविना नाव चढायला वेळ जातो. घरात लग्नाचं मूल असेल तर 1872 च्या ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे लग्न लावायचा अधिकार पाळकांना आहे का, हे बघा. आणि संकोच न करता दफनभूमीचं विचारा. भाड्याच्या हॉलमध्ये भरणाऱ्या बऱ्याच मंडळ्यांकडे स्वतःची जागा नसते, आणि घरात कुणी गेल्यावर त्यासाठी दारोदार फिरायची वेळ कुणावर येऊ नये.