सांगलीतला पिस्तूल क्लास: पहिले नऊ दिवस छर्राच नाही

माझा धंदा सोन्यात खडे बसवायचा. सराफ कट्ट्याच्या मागच्या बोळात वडिलांपासूनची गादी आहे, वय ५१. वडील गेले तेव्हा दुकानाबरोबर त्यांचं कानपूरचं .३२ रिव्हॉल्व्हरही माझ्याकडे आलं. परवाना माझ्या नावावर करायचा तर हत्यार सुरक्षित हाताळायचं प्रशिक्षण घेतल्याचा एस-१ नमुन्यातला दाखला लागतो, २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे. तो घेतला, परवाना झाला. तेव्हापासून ते तिजोरीत आहे. निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा करायचं, संपली की परत आणायचं, एवढाच त्याचा प्रवास. मध्यंतरी जमा करून येताना बायको म्हणाली, "तुम्हाला ते मारता तरी येतंय का?" दाखला हाताळायचा होता, नेम धरायचा नव्हे. मला उत्तर देता आलं नाही, म्हणून क्लास शोधायला लागलो.

सगळ्यांचा पहिला सल्ला कोल्हापूर. बरोबरच आहे. नेमबाज तेजस्विनी सावंत तिथली, राही सरनोबत तिथली, आणि २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफलचं ब्रॉन्झ आणणारा स्वप्नील कुसाळे राधानगरी तालुक्यातला. पण दुकान बंद करून संध्याकाळी ५० किलोमीटर जायचं आणि यायचं, हे माझ्यासारख्याला दोन आठवड्यांच्या वर जमणार नाही. म्हणून सांगली-मिरजेतच तीन ठिकाणं पाहिली. तिन्हीकडे १० मीटर एअर पिस्तूल शिकवतात. ४.५ मिलिमीटरचा छर्रा, २० ज्यूलच्या आतली ताकद, त्यामुळे परवाना लागत नाही. आधारची झेरॉक्स दिली की काम झालं.

पहिलं ठिकाण चकाचक. काचेचा दरवाजा, आत मनू भाकरचा माणसाएवढा फोटो. गेल्या गेल्या हातात पिस्तूल दिलं, दहा छर्रे दिले. त्यातले चार काळ्यात लागले तर टाळ्या. "काका, हात जन्मजात आहे तुमचा." पाच मिनिटांनी पुढ्यात कॅटलॉग, परदेशी पिस्तुलं, दीड-दोन लाखांच्या घरातली. गिऱ्हाईक कसं गुंडाळतात हे सराफाला शिकवू नये. पण मी उठलो ते कॅटलॉगमुळे नाही. शेजारच्या लेनमधला एक मुलगा मित्राशी बोलताना पिस्तुलासकट वळला, नळी सरळ माझ्या पोटाकडे, आणि कुणीही हूं की चूं केलं नाही. शिवाय हॉलमार्क वाचायची सवय असल्यामुळे पिस्तुलाच्या हवेच्या सिलिंडरवरची तारीख वाचली. या सिलिंडरांत २०० बार दाबाची हवा भरतात आणि त्यांचं आयुष्य बनवल्यापासून दहा वर्षं धरतात. ते सिलिंडर त्या हिशेबाने केव्हाच म्हातारं झालेलं.

दुसरं मिरजेत. इलेक्ट्रॉनिक टार्गेट, स्क्रीनवर लगेच आकडा. शिस्त चांगली होती. पण सहा लेनवर बावीस पोरं, आणि कोच स्क्रीनकडे बघून ओरडायचे, "आठ. सात. काय करतोयस? आठ." सात का पडले ते स्क्रीन सांगत नाही. काटा वजन दाखवतो, बट्टा कुठे लागला ते नाही दाखवत. ज्याच्या पोराला स्पर्धाच खेळायच्या आहेत त्याने तिथे जरूर चौकशी करावी. माझं काम तिथे नव्हतं.

तिसरं, जिथे मी सहा महिने जातोय, ते माधवनगर रोडच्या बाजूला एका जुन्या गोडाऊनच्या माडीवर. खाली कधीकाळी हळद असायची, अजून जिन्यात वास येतो. चार लेन. टार्गेट कागदाचं, दोरीने ओढून आणायचं, ती दोरीही मध्येच अडकते. नाव लिहीत नाही, कारण चारच लेन आहेत आणि सरांनी बजावलंय, "जाहिरात करू नका, मला माणसं सांभाळायची आहेत." सर फौजेतून निवृत्त. बोलणं कमी.

पहिल्या दिवशी त्यांनी मला भिंतीसमोर उभं केलं. पांढरी, कोरी भिंत. पिस्तूल रिकामं, नळीत भगवी सेफ्टी फ्लॅगची दोरी घालून तपासलेलं, मग ती काढून ड्राय फायर. म्हणजे नुसताच ट्रिगर. टार्गेट नाही, छर्रा नाही. असे नऊ दिवस. पैसे भरून भिंत बघतोय म्हणून घरी थट्टा झाली. सर नळीवर एक रुपयाचं नाणं ठेवायचे आणि म्हणायचे, "पडलं नाही पाहिजे." पडायचं. दर वेळी पडायचं.

कारण तिसऱ्या दिवशी कळलं, आणि ते सरांनी माझ्या बोटाकडे बघून सांगितलं. खडा बसवताना कोंदणाची कड हळूहळू वळवत आणायची, आणि शेवटी एक ठाम दाब द्यायचा. तो दाब नाही दिला तर खडा हलतो. पस्तीस वर्षं माझा हात तेच करतोय. ट्रिगरवरही तेच करत होतो, सगळं हळू आणि शेवटी एक दाब. स्पर्धेच्या एअर पिस्तुलाचा ट्रिगर कमीत कमी ५०० ग्रॅमचा असावा लागतो, आमच्या हिशेबात ५० तोळे. ते वजन बोटावर चढत जायचं आणि कधी सुटलं ते आपल्यालाही कळू नये, असं सर म्हणतात. सुटल्यावरही हात दोन सेकंद तिथेच. मला हे उमजायला नऊ दिवस लागले, जमायला चार महिने.

मग डोळे. मला जवळचा चष्मा आहे आणि कामाला आयग्लास, म्हणजे एका डोळ्याला लावायचं भिंग. आयग्लास लावला की डावा डोळा आपोआप मिटतो, तशीच सवय. सरांनी मिटू दिला नाही. मिटलेला डोळा चेहरा ओढून धरतो आणि अर्ध्या तासात दोन्ही दमतात. त्याऐवजी डाव्या डोळ्यापुढे पुठ्ठ्याची अरुंद पट्टी, नियमात ३० मिलिमीटर रुंदीपर्यंत चालते. आणि चष्मा वेगळा करून घ्यायला लावला. बघायचं असतं पुढच्या साइटकडे, म्हणजे नळीच्या टोकावरच्या नेम धरायच्या खुंटीकडे, टार्गेटकडे नाही. साइट धारदार दिसली पाहिजे आणि काळा गोल जांभळासारखा धुरकट. प्रोग्रेसिव्ह, म्हणजे जवळचं-लांबचं एकाच काचेत असलेल्या, चष्म्यातून ती साइट शोधायला मान वर करावी लागते, आणि मान हलली की सगळं गेलं. मी हात ताणून डोळ्यापासून पुढच्या साइटपर्यंत टेपने मोजलं, ९० सेंटिमीटर भरलं, आणि गणपती पेठेतल्या चष्मेवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, "माप आणलंत ते बरं केलंत, बंदूक आणू नका म्हणजे झालं." चाळिशी ओलांडलेल्या कुणालाही माझं सांगणं आहे, क्लासवाल्याने पहिल्या आठवड्यात चष्म्याचं विचारलं नाही तर तो क्लास तुमच्यासाठी नाही.

साइटचं एवढं कौतुक का, हे सरांनी एका संध्याकाळी टार्गेटच्या पाठीमागे पेन्सिलीने मांडून दाखवलं. पुढच्या आणि मागच्या साइटमध्ये अंतर साधारण ३२ सेंटिमीटर. पुढची साइट मागच्या खाचेत १ मिलिमीटर सरकली, तर १० मीटरवर छर्रा ३ सेंटिमीटरहून जास्त सरकतो. एअर पिस्तूलच्या कागदावर एक रिंग ८ मिलिमीटरची. म्हणजे दहाचे सात. पण दोन्ही साइट नीट जुळलेल्या असताना अख्खा हातच ५ मिलिमीटर डुलला, तर छर्राही ५ मिलिमीटरच जातो, दहा नाही तर नऊ. हात सगळ्यांचाच डुलतो. मी इतके दिवस डुलणं थांबवायच्या मागे होतो, आणि गफलत भलतीकडे होती. सोनाराला मिलिमीटर समजतो, म्हणून माझ्या डोक्यात हे लगेच बसलं. दहाची रिंग ११.५ मिलिमीटर व्यासाची असते. तेवढ्याच मापाचे पोवळ्याचे खडे मी रोज हाताळतो.

सुरक्षेत मात्र सर कडक. नळी कायम टार्गेटकडे, बोट ट्रिगरच्या बाहेर, 'स्टॉप' म्हटलं की पिस्तूल टेबलावर. एका डॉक्टरांनी फोन उचलायला पिस्तूल हातात ठेवूनच मान वळवली, तर त्यांना त्या दिवशी घरी पाठवलं. मुदत संपलेलं एक सिलिंडर लाल फीत बांधून वेगळ्या पेटीत ठेवलंय. छर्रे शिशाचे, म्हणून जाताना साबणाने हात धुतल्याशिवाय चहा मिळत नाही.

आता उणं. फी महिन्याला तीन हजार, छर्रे वेगळे, आणि पावती मागितल्याशिवाय मिळत नाही. मागितली की वहीचा कागद मिळतो. पिस्तुलं चारच, त्यातल्या दोघांचे ग्रिप, म्हणजे मुठी, मोठ्या पंजाचे. माझ्यासारख्या आखूड बोटांच्या माणसाला लाकडी पुट्टी लावून भरून घ्यावे लागले, स्वतःच्या खर्चाने. पंखा एकच, दोन नंबरच्या लेनमागे. एप्रिल-मेमध्ये ग्रिप घामाने सटकते. आणि सरांना शब्दात समजावणं फार जमत नाही. ते हात धरून दाखवतात. पोरांना ते कंटाळवाणं वाटतं, आमच्या बॅचमधली तीन पोरं महिन्यात गेली.

रिव्हॉल्व्हरचं विचाराल तर ते तिथे नेता येत नाही, आणि नेऊही नये. गोळीबार करायचा तर परवानगीच्या रेंजवरच. सरांनी पहिल्याच दिवशी साफ सांगितलं होतं, "हितं शिकलेलं बोट तिकडं नेता येईल, उभं राहणं न्हाई." एअर पिस्तूल एका हाताने धरायचं असतं, झटका जवळपास नाहीच. वडिलांचं ते दोन्ही हातांनी धरावं लागतं आणि त्याचा ट्रिगर कुलूप उघडल्यासारखा जड. पण रिकामं करून, दोनदा तपासून, भिंतीकडे धरून मी त्याच्यावरही नाणं ठेवून पाहिलं. दहातून सहा वेळा राहतं.

पहिल्यांदा ६० शॉट पूर्ण मारले तेव्हा ६०० पैकी ४३१ झाले होते. गेल्या रविवारी ५०८. बायकोला आकडा सांगितला, तर ती म्हणाली, "म्हणजे ९२ चुकले." बरोबर आहे.

कुणाला यायचं असेल तर सराफ कट्ट्यावर खडे बसवणाऱ्याला विचारा, पत्ता देतो. सध्या संध्याकाळी सातची एक जागा रिकामी आहे. पंख्याची नाही, ती माझी आहे.