बॅटरीवर ससा धरणारं 'तयार कारवानी' : अठ्ठावीस हजारांना बसलेला फटका

सोलापूर, सांगली, विजापूर या पट्ट्यात कारवानी कुत्रं घ्यायच्या विचारात असाल आणि कुणी 'तयार आहे दादा, रात्री बॅटरीवर ससा सोडत नाही' असं म्हणून व्हिडिओ पाठवत असेल, तर पैसे टाकायच्या आधी हे वाचा. आमचे अठ्ठावीस हजार गेले. ते गेले तर गेले, पण तक्रार करायला निघालो तेव्हा त्याच सशाच्या नावानं उलट आम्हालाच दम दिला गेला. सावध करायचंय ते मुख्यतः त्यासाठी.

आमचं रान मंगळवेढ्याकडचं, ज्वारी-हरभऱ्याचं. वस्ती गावापासून लांब. विहिरीवरची केबल चोरीला जाणं नेहमीचं, शिवाय रानडुकरं. आबांच्या तरुणपणी वस्तीवर कारवानी मादी असायची. तिच्या आठवणी निघाल्या की आबा जेवायचे थांबतात. म्हणून त्याच जातीचं कुत्रं घ्यायचं ठरलं. शिकार हा विषय आमच्याकडून निघालाच नव्हता.

तो विक्रेत्यानं काढला. ऑगस्ट 2020 मध्ये 'मन की बात'मध्ये मुधोळ हाउंडचं, म्हणजे आपल्या कारवानीचंच, नाव आल्यापासून आमच्या भागात गल्लोगल्ली 'ब्रीडर' झालेत. मुधोळच्या राजेसाहेबांनी जॉर्ज पंचमला जोडी भेट दिली, 2005 साली टपाल तिकीट निघालं, ही टेप प्रत्येकाची पाठ असते. यानं ती वाजवली आणि मग हळूच व्हिडिओ सोडला : अंधार, बॅटरीचा लांब झोत, झोतात पळणारा ससा, मागे बदामी रंगाचं शिडशिडीत कुत्रं, दोन वळणं आणि ससा तोंडात. वर ढोलकीचं गाणं चिकटवलेलं. 'दीड वर्षाचा नर आहे. हाच तो. पिल्लू घेऊन वर्षभर सांभाळत बसण्यापेक्षा तयार घ्या.' आम्ही उत्तरादाखल 'एक नंबर' असं लिहून अंगठा पाठवला. हा अंगठा पुढं महागात पडला.

'घरी येऊन बघतो' म्हटलं की त्याच्याकडं कारण तयार असायचं. कधी घरात लग्न, कधी मादी व्यायलेली, परका माणूस चालत नाही. शेवटी म्हणाला, 'मी सोलापूरला येतोच आहे, हायवेला देतो, तुमचं भाडं वाचेल.' पाच हजार टोकन आधी घेतलं, उरलेले ढाब्यामागच्या अंधारात, रात्री अकराच्या सुमाराला. गाडीच्या उजेडात कुत्रं उंचपुरं, चकचकीत दिसलं. त्यानं शेजारच्या रानात बॅटरी मारली, कुत्र्यानं मान ताठ करून पट्टा ओढला. आता सांगतो, कुठलंही हाउंड एवढं करतंच. सोबत लसीचं कार्ड आणि केनेल क्लबच्या, म्हणजे कुत्र्याच्या जातीची नोंद करणाऱ्या संस्थेच्या, दाखल्याची झेरॉक्स मिळाली.

सकाळी ऊन पडल्यावर कुत्रं पुढचा उजवा पाय उचलून उभं होतं. मनगटाचा सांधा जुना सुजलेला, हाताला टणक लागत होता. आदल्या रात्री लंगडत नव्हतं. डॉक्टरांच्या मते वेदनेचं इंजेक्शन देऊन आणलं असावं. मग त्यांनी ओठ वर करून दात दाखवले. तरुण कुत्र्याच्या समोरच्या छोट्या दातांना तीन टोकं असतात, मधलं मोठं, बाजूची दोन बारीक. वय वाढेल तशी ती झिजतात. आमच्या 'दीड वर्षाच्या' नराचे दात सपाट झालेले, सुळ्यांची टोकं बोथट. पाचच्या खाली नाही, असं डॉक्टर म्हणाले.

लसीच्या कार्डावर प्रत्येक लसीच्या बाटलीचं लेबल सोलून चिकटवलेलं असतं, त्यावर बॅच नंबर आणि मुदत छापलेली असते. आमच्या कार्डावरच्या लेबलची मुदत संपल्यानंतर चार महिन्यांनी ती लस टोचल्याची तारीख होती, वर गोल शिक्का. म्हणजे कार्ड कुठंतरी बसून बनवलेलं. दाखल्यावर मायक्रोचिपचा, म्हणजे ओळखीसाठी कातडीखाली बसवतात त्या चिपचा, नंबर होता. डॉक्टरांनी मानेपासून खांद्यापर्यंत स्कॅनर दोनदा फिरवला, काहीच वाजलं नाही.

जातीचं म्हणाल तर त्यात ग्रेहाउंडचं, म्हणजे शर्यतीत पळणाऱ्या विलायती कुत्र्याचं, रक्त उघड होतं. कारवानीचे कान गालालगत खाली लोंबतात. याचे मागे दुमडून मानेला चिकटलेले. मांड्या फुगीर, कातडी इतकी पातळ की पहिल्याच आठवड्यात बाभळीच्या काट्यानं फाटून टाके पडले. नराची उंची 27 ते 29 इंच धरतात, त्यात हा बसत होता, पण उंचीवर जाऊ नका, ग्रेहाउंडही तेवढाच असतो. पळण्यासाठी लोक मुद्दाम हा संकर करतात आणि करणाऱ्यानं तसं सांगून विकलं तर माझी तक्रार नाही. पण ग्रेहाउंड थोड्या अंतराचा गडी. आपल्या उन्हात, ढेकळांत दिवसभर टिकतं ते कारवानी.

आता तो व्हिडिओ. डॉक्टरांनी मोबाईलवर तो थांबवून थांबवून पाहिला आणि हसायलाच लागले. व्हिडिओतल्या बाकीच्या सशांनी धूम ठोकून बिळं गाठली होती. आपल्याकडचा काळ्या मानेचा रानससा बीळ करतच नाही. गवतात, झुडपाखाली उथळ खळगी करून बसतो आणि उठला की मोकळ्या रानात पळतो. बुटकं हिरवंगार कुरण, मागे दगडी बांध, टोकाला मेंढ्यांचे चमकणारे डोळे : हे आपलं माळरान नव्हेच. इंग्लंडात असलेल्या मावसभावाला पाठवला तर त्यानं लगेच सांगितलं, हे लर्चर. ग्रेहाउंड किंवा व्हिपेट जातीचा कोली नाहीतर टेरियरशी संकर. तिकडं बिळात राहणारे ससे पिकाचा फडशा पाडतात, जमीनमालकाच्या परवानगीनं रात्री दिव्याच्या झोतात ते कुत्र्याकडून धरायला कायद्यानं मुभा आहे. 2004 च्या त्यांच्या शिकारबंदी कायद्यानंही या बिळातल्या सशाला वगळलंय. त्यातलाच कुणाचा तरी व्हिडिओ उचलून इथं कारवानी म्हणून फिरवलेला. आमच्याकडं आलेल्या कुत्र्याच्या छातीवर पांढरा पट्टा होता, व्हिडिओतल्याच्या नव्हता. अंधारात कोण बघतंय!

फोन केला, पैसे परत मागितले. दोन दिवस 'बघतो भाऊ, बदलून देतो' चाललं. मग त्यानं आमच्याच चॅटचा स्क्रीनशॉट पाठवला, 'एक नंबर' आणि अंगठ्याभोवती लाल गोल काढून. खाली लिहिलं, 'सशाच्या शिकारीसाठी कुत्रं घेतलं तुम्ही. फॉरेस्टला पाठवू का?' आणि वर आणखी दहा हजार मागितले.

या धंद्याची मेख इथं आहे. गिऱ्हाइकाला सशाबद्दल बोलतं करायचं, चार वाक्यं लिहून घ्यायची, म्हणजे नंतर ते तोंड उघडत नाही. आमच्याच तालुक्यातल्या दोघांनी याच भीतीनं पैशावर पाणी सोडल्याचं नंतर कळलं.

वकिलांना विचारलं. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. त्यात शिकार म्हणजे नुसतं मारणं नव्हे. प्राण्याच्या मागे कुत्रं सोडून पळवणं, हाकणं, फासे लावणं आणि तसा प्रयत्न करणं हेसुद्धा शिकारच. त्यामुळं 'जरा ट्रायल घेऊ' म्हणून खऱ्या रानसशावर कुत्रं सोडलंत तर तो गुन्हा आहे, ससा सुटला तरी. पण दुसऱ्यानं पाठवलेल्या व्हिडिओवर अंगठा टाकला म्हणजे शिकार झाली असं नाही. उलट खोटं सांगून पैसे घेणं हे भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली फसवणूक आणि धमकी देऊन पैसे मागणं कलम 308 खाली खंडणी. आम्ही सगळं चॅट जसंच्या तसं घेऊन ठाण्यात गेलो, स्वतःचा अंगठाही लपवला नाही. अर्ज घेतला गेला. टोकन ऑनलाइन दिलं होतं म्हणून सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवली, पण ती उशिरा. पैसे त्या खात्यातून केव्हाच निघून गेले होते. रोखीतल्या तेवीस हजारांना तर पुरावाच नाही.

'तयार' या शब्दावर मात्र थोडं बोलतो, कारण त्यावरच दुप्पट पैसे लावतात. डोळ्यानं शिकार हेरणाऱ्या कुत्र्याला पळणारी वस्तू दिसली की कान बंद होतात. पाठलाग त्याला शिकवावा लागत नाही. शिकवावं लागतं परत येणं. पिल्लू असल्यापासून शिट्टी आणि खाऊ, मग लांब दोरीवर, मग मोकळं, तेही आधी कुंपणातल्या रानात. शेळ्या-कोंबड्यांची सवय लहानपणीच लावायची, नाहीतर पहिली तक्रार शेजारीण घेऊन येते. वर्षाचं होईपर्यंत हाडं कच्ची, तोवर गाडीमागं पळवायचं नाही. पळायची हौस भागवायला काठीला दोरी, दोरीला चिंधी, पुरे. आणि रात्री मोकळं सोडणं म्हणजे वेडेपणा : बिनकठड्याच्या विहिरी, तारेचं कुंपण, झटका मशीन. झोतानं दिपलेल्या कुत्र्याला यातलं काही दिसत नाही. आमच्या नराचं मनगट असंच कुठंतरी गेलं असणार. तेव्हा विकणाऱ्यानं 'तयार' म्हटलं की त्याला दिवसा, मोकळ्या रानात सोडून हाक मारायला सांगा. आलं तर बोलणं पुढं न्या. आमचं कुत्रं नावाला ओ देत नव्हतं, कारण विक्रेत्यानं सांगितलेलं नावच त्याचं नव्हतं.

पिल्लू घेणार असाल तर आई बघितल्याशिवाय घेऊ नका, आणि तिच्याच घरी बघा. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला कुत्र्यांच्या पैदास-विक्रीच्या 2017 च्या नियमांनी बंदी आहे, देणारा घाई करत असेल तर तिथंच उठा. मुधोळजवळ तिम्मापूरला बीदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं श्वान संशोधन केंद्र आहे, तिथं चौकशी करता येते. थांबावं लागलं तरी चालेल. चिपचा नंबर सांगितला तर आपल्या डॉक्टरांकडं स्कॅन झाल्यावरच उरलेली रक्कम द्या, आणि ती खात्यावरच.

कुत्रं आमच्याकडंच आहे. पायाला कायमचा दोष राहील असं डॉक्टर म्हणतात. आबांनी त्याला परत द्यायला मनाई केली, तसंही विकणारा फोन उचलत नाही. आणि ज्यांचे पैसे याच पद्धतीनं गेलेत त्यांनी स्वतःचे मेसेज पुसू नयेत. अर्धं चॅट पुसलेलं असलं की ठाण्यात पहिला प्रश्न आपल्यालाच विचारतात, आणि समोरच्याकडं ते पूर्ण असतंच.