फंगसच्या नावाखाली माझी चाळीसची लेन्स गेली

अठ्ठावीस वर्षं लग्नाचे फोटो काढतोय. अमळनेरला छोटा स्टुडिओ आहे. लेन्सच्या बाबतीत मला कोणी शेंडी लावेल, असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. लावली. मायक्रोस्कोपच्या लेन्सवरून, आणि तीही माझ्याच अर्ध्यामुर्ध्या लेन्स-ज्ञानाचा आधार घेऊन लावली, म्हणून तर जास्त झोंबलं. ज्यांच्याकडे मायक्रोस्कोप आहे, मग ती शाळा असो, पॅथॉलॉजी लॅब असो की माझ्यासारखा एखादा नादिष्ट, त्यांनी पावसाळा लागायच्या आत हे वाचावं.

नाद कसला ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. नदीतल्या दगडावर पाय घसरतो तो तपकिरी बुळबुळीत थर बघितलाय ना? त्यात डायटम असतात. एका पेशीची वनस्पती म्हणा, पण अंगावर काचेचं कवच. खरोखर काचेचं, म्हणजे सिलिकाचं. कवचाचे दोन भाग कुंकवाच्या करंड्यासारखे, झाकण आणि डबी, एकात एक बसणारे. आणि त्या कवचावर इतकी बारीक नक्षी की पैठणीचा पदर लाजावा. मी जुना टूथब्रश आणि डबी घेऊन बोरी नदीच्या पात्रात जातो, मुडावदला पांझरा तापीला मिळते तिथं जातो, एकदा अडावदजवळच्या उनपदेवला गरम पाण्याच्या झऱ्यावरही जाऊन आलो. दगड घासायचा, गाळ बसू द्यायचा, हायड्रोजन पेरॉक्साइडनं आतलं सेंद्रिय सगळं जाळून टाकायचं, मग डिस्टिल्ड पाण्यानं धूत राहायचं. सहा-सात वेळा. घरच्यांच्या मते हे येड लागल्याचं लक्षण आहे.

मायक्रोस्कोप जपानी बनावटीचा, जुना, एक लॅब बंद होत होती तिथून ३८ हजारांना घेतलेला. त्यातली चाळीसची ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे स्लाइडच्या बाजूची, चाळीस पट मोठं दाखवणारी लेन्स, म्हणजे माझा जीव. तिच्यावर ‘प्लॅन ४०/०.७५’ असं कोरलेलं होतं. प्लॅन म्हणजे चित्र मधोमध आणि कडेला सारखंच स्पष्ट. ०.७५ हा आकडा तर चाळीसपेक्षा महत्त्वाचा. किती मोठं दिसतं ते चाळीस सांगतं, किती बारीक तपशील दिसतो ते ०.७५ सांगतं. १८७३ साली अर्न्स्ट आबे या जर्मन शास्त्रज्ञानं हिशेब मांडून ठेवलाय: दोन रेषा वेगळ्या दिसायला लागणारं कमीत कमी अंतर म्हणजे प्रकाशाची तरंगलांबी भागिले त्या आकड्याची दुप्पट. हिरव्या प्रकाशात ०.७५ ला साधारण ०.३७ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) येतात, नेहमीच्या ०.६५ ला ०.४२. फरक एवढासाच वाटतो, पण डायटमचे फोटो काढणाऱ्याला विचारा. ‘२००० पट मोठं दाखवतो’ म्हणून ऑनलाइन मायक्रोस्कोप विकतात ना, तिथं हा दुसरा आकडा शोधा. बहुतेक वेळा सापडत नाही.

तर २०२४ चा जून. चाळीसवर चित्र धूसर यायला लागलं, दुधात पाणी मिसळल्यासारखं. दहावर स्वच्छ, शंभरवर स्वच्छ, फक्त चाळीसवर धुकं. माझ्या डोक्यात पहिला शब्द आला फंगस, म्हणजे लेन्सच्या आत काचेवर धरणारी बुरशी. कारण फंगसनं माझी एक चांगली पोर्ट्रेट लेन्स खाल्ली आहे. त्यात नुकताच मे महिना सरलेला. आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो, कूलरशिवाय माणूस जगत नाही, आणि मायक्रोस्कोप त्याच कूलरच्या खोलीत. बाहेर रखरखाट, आत भिंतीला ओल. म्हटलं, झालं.

त्याच आठवड्यात एक ‘सर्व्हिस इंजिनिअर’ गावात आला होता. शाळांचे, दवाखान्यांचे मायक्रोस्कोप साफ करत फिरत होता. नाव लिहीत नाही. कार्डावर होतं ते नाव त्याचं होतं की नाही, हेच मला आता माहीत नाही. चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट, हातात छान बॅग. बोलणं अगदी मऊ. मीच आधी फंगस म्हणालो, ही माझी पहिली चूक. तो पुढचं सगळं मला माझ्याच तोंडून वदवून घेत गेला. “दादा, खोलीत कूलर असतो का? तरीच.” मोबाइलचा टॉर्च लेन्सच्या मागून मारला आणि म्हणाला, “बघा, जाळं.” मला दिसलं. टॉर्च मारला की कुठल्याही जुन्या लेन्समध्ये काही ना काही दिसतंच, हे मला कॅमेऱ्यामुळे माहीत असायला हवं होतं. माहीत होतंही. पण भीती शिरली की माणूस माहीत असलेलंच आधी विसरतो.

जागेवर होणार नाही, आतली काच खोलावी लागेल, पुण्याला वर्कशॉपला न्यावी लागेल, साडेचार हजार होतील, अडीच आगाऊ. यूपीआयनं दिले. स्क्रीनवर नाव वेगळंच आलं, तर म्हणाला, “मेहुण्याचं खातं आहे.” पावती म्हणजे वहीचं पान, त्यावर ‘एक लेन्स’. कुठली लेन्स, किती आकड्याची, नंबर काय, काही नाही. मी विचारलंही नाही.

बारा दिवसांनी लेन्स परत. स्वतः येऊन बसवून दिली, उरलेले दोन हजार घेतले. लेन्सभोवती चंदेरी सील गुंडाळलेलं. “सहा महिन्यांची गॅरंटी. सील फाटलं की गॅरंटी गेली, दादा.” निळा पट्टा दिसत होता, म्हणजे चाळीसचीच, असं मी समजलो. आता ऐका: निळा पट्टा जगातल्या जवळपास प्रत्येक कंपनीच्या चाळीसला असतो. दहाला पिवळा, शंभरला पांढरा. पट्ट्यावरून फक्त किती पट ते कळतं, लेन्सची जात कळत नाही. आणि सील चिकटवलं होतं बरोबर तिथंच, जिथं आकडे कोरलेले असतात. दहावरून चाळीसवर फिरवलं की पूर्वी फोकस जवळजवळ तिथंच राहायचा, आता बराच फिरवावा लागत होता. त्याचंही उत्तर त्यानं जाता जाता देऊन ठेवलं होतं, “खोललेली लेन्स आहे, फोकस थोडा सरकतो.”

तीन आठवड्यांनी तेच धुकं परत! मी वैतागून बसलो होतो. तेवढ्यात धुळ्याहून भाची आली, ती डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, करून लॅबमध्ये काम करते. तिनं आयपीस, म्हणजे डोळा लावतो तो भाग, काढला, उलटा धरून भिंगासारखा लेन्सच्या तोंडावर लावला आणि हसायला लागली. “मामा, फंगस नाही हे, तेल आहे. शंभरची वापरून झाल्यावर स्लाइड न पुसताच चाळीस फिरवता ना?” फिरवत होतो. शंभरच्या लेन्सला इमर्शन ऑइल, म्हणजे लेन्स आणि स्लाइडच्या मधे घालायचं तेल, लागतं, चाळीस कोरडी चालते, पण स्लाइडच्या इतक्या जवळून जाते की तेल तिच्या नाकाला लागतं. वर त्या लेन्सची पुढची काच खोलगट, त्यात तेल बसून राहतं. भाचीनं लेन्स टिश्यूची घडी केली, टोकाला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब, अलगद फिरवली, नवा तुकडा घेऊन परत एकदा. दोन मिनिटं. खर्च रुपयाचाही नाही. खरं फंगस कोळ्याच्या धाग्यासारखं फांद्या फुटत गेलेलं दिसतं आणि ते आत असतं, पुसून जात नाही.

म्हणजे जूनमध्येही तेलच होतं. साडेचार हजार तेल पुसायचे गेले, असं समजून मी स्वतःला शिव्या देत होतो. लेन्स गेली, हे अजून कळलंच नव्हतं.

ते डायटमनं सांगितलं. माझ्याकडे एक टेस्ट स्लाइड आहे, प्ल्युरोसिग्मा अँग्युलेटम या समुद्री डायटमची. इंग्रजी एस थोडा ओढल्यासारखा आकार, अंगावर सुमारे अर्ध्या मायक्रॉनच्या अंतरानं रेषा. लेन्स कशी आहे हे पाहायला ही डायटम फार जुन्या काळापासून वापरतात. फेब्रुवारीत त्याच स्लाइडवरच्या एका कवचाचा फोटो काढून ठेवला होता, अठरा फोटो वेगवेगळ्या फोकसला काढून एकत्र जोडलेला. भाचीच्या आग्रहावरून तेच कवच शोधलं, स्लाइडखालचा प्रकाश गोळा करणारा तोच कंडेन्सर, तोच कॅमेरा. फेब्रुवारीच्या फोटोत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ठिपक्यांची जाळी होती. आता मधोमध पुसटशा रेषा, कडेला नुसतं पिठूळ, वर जांभळी-हिरवी किनार. चांगली ०.६५ ची लेन्ससुद्धा अर्धा मायक्रॉन ओढूनताणून दाखवते. ही ते पण करेना.

सील फाडलं. खाली ४०/०.६५. ‘प्लॅन’ नाही. नंबर वेगळा.

फोन केला तर आधी “तुमचा गैरसमज होतोय”, मग “वर्कशॉपमध्ये अदलाबदल झाली असेल, बघतो”, मग बंद. कार्डावरच्या पत्त्यावर जळगावला गेलो, तिथं झेरॉक्सचं दुकान. पोलिसांत अर्ज दिला. तिथं पहिला प्रश्न: तुमची लेन्स वेगळी होती याला पुरावा काय? वहीच्या पानावर ‘एक लेन्स’. शेवटी मायक्रोस्कोप घेतला त्या दिवशी हौसेनं काढलेला फोटो मोठा करून बघितला, त्यात ०.७५ आणि नंबर वाचता आला. तो जोडलाय. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी लागत नाही, हेही कळलं, पण नोटीस पाठवायची कुणाच्या नावानं? शेजारचा चहावाला सगळं ऐकून एवढंच म्हणाला, “भाऊ, तुले त्यानी भरदुपारले लुटी लिधं.”

आता मी काय करतो ते सांगतो. प्रत्येक लेन्सवरचे सगळे आकडे आणि नंबर जवळून फोटो काढून ठेवलेत. लेन्स घराबाहेर जात नाही. अगदी जायचीच वेळ आली तर पावतीवर नंबर लिहून सही, आणि नेण्याआधी आणि आणल्यावर एकाच स्लाइडचा फोटो, माणूस समोर असतानाच. टेस्ट स्लाइड नसेल तर आपल्याच नदीतल्या डायटमची एखादी स्लाइड चालेल, फक्त तीच जपून ठेवायची. आकड्यांवर सील कोणी चिकटवलं तर समोरच काढायला लावायचं. मायक्रोस्कोप कूलरच्या खोलीतून हलवला, झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात सिलिका जेल टाकून ऑब्जेक्टिव्ह ठेवतो, जेलचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर तापवून परत. शर्टाच्या टोकानं काच पुसणं, तोंडाची वाफ मारणं बंद. पुसायला झायलीन हे द्रावण कोणी सुचवलं तर सावध, काचा जोडणारा डिंक त्यानं सुटू शकतो.

मागच्या महिन्यात तालुक्यातल्या एका शाळेत डायटम दाखवायला बोलावलं होतं. प्रयोगशाळेत सहा मायक्रोस्कोप, मुलं रांगेत. पहिल्याच मायक्रोस्कोपला हात घातला आणि बोटांना काहीतरी गुळगुळीत लागलं. शंभरच्या लेन्सला चंदेरी सील. दुसऱ्याला तेच. तिसऱ्याला तेच. विज्ञानाच्या सरांना बाजूला घेऊन म्हटलं, सर, हे फाडून बघू या.

सर घाईघाईनं म्हणाले, “नको नको. गॅरंटी अजून दोन महिने आहे.”